कव्हरवरची ती

आज एखादं गाणं हिट झालं की आधी त्याची स्टेप व्हायरल होते. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतही तेच व्हायचं, फक्त मोबाइलच्या जागी कागद होता. गाण्याचं नोटेशन छापलेली चार-सहा पानांची पुस्तिका आणि तिच्यावर रंगीत चित्राचं कव्हर. याला म्हणायचे शीट म्युझिक. रेकॉर्ड अजून घरोघरी पोचल्या नव्हत्या, पण मध्यमवर्गीय घरात पियानो असायचाच. संध्याकाळी घरातली मुलगी पियानोवर बसायची आणि दुकानातून आणलेलं नवं गाणं वाजवायची. आपल्याकडे संगीत नाटकांच्या पद्यावल्या विकल्या जायच्या ना, तसंच काहीसं. फरक इतकाच, की तिकडे हा लाखोंचा धंदा होता. न्यूयॉर्कच्या अठ्ठाविसाव्या रस्त्यावर प्रकाशकांची इतकी गर्दी झाली होती आणि इतके पियानो एकाच वेळी बडवले जात होते, की त्या भागाला ‘टिन पॅन अ‍ॅली’ हेच नाव पडलं.

दुकानात गाणं ऐकू येत नाही. दिसतं ते कव्हर. म्हणून विक्री व्हायची ती कव्हरवर. त्यावर नाचणारी जोडपी, हॅट, काठ्या, फुगीर घागरे, कोपऱ्यात गोल चौकटीत गायिकेचा फोटो. रंगभूमीवरचा नाच ज्यांनी कधी पाहिला नाही, त्यांना तो या चित्रांतून समजायचा. म्हणजे समजला असं वाटायचं.

याच कव्हरांवरच्या एका मुलीची ही गोष्ट. एडा ओव्हर्टन. पुढे आयडा ओव्हर्टन वॉकर. तिच्या काळात तिला केकवॉकची राणी म्हणत.

चिरुटाच्या जाहिरातीतली मुलगी

एडाचा जन्म १४ फेब्रुवारी १८८० चा. घर कृष्णवर्णीय, परिस्थिती बेताची. गुलामगिरी कायद्याने संपून जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. किशोरवयातच ती ‘ब्लॅक पॅटीज ट्रूबडोर्स’ नावाच्या फिरत्या कंपनीत कोरसमध्ये नाचू लागली. या कंपनीची मुख्य गायिका सिसिरेटा जोन्स. तिचा गळा ऑपेराचा होता, पण ती कृष्णवर्णीय असल्यामुळे ऑपेराचे दरवाजे बंद. त्या काळच्या ॲडेलिना पॅटी या प्रसिद्ध गायिकेवरून लोकांनी तिला ‘ब्लॅक पॅटी’ करून टाकलं होतं. म्हणजे केवढीही मोठी झालीस तरी तुझं नाव दुसऱ्याच्या नावावरूनच ठरणार, हे एडाने पहिल्याच नोकरीत पाहिलं.

मग आली एक जाहिरात. अमेरिकन टोबॅको कंपनीला आपल्या चिरुटांसाठी छापील कार्डं काढायची होती आणि त्यावर केकवॉक नाचणारी दोन जोडपी हवी होती. पुरुष ठरले होते, बर्ट विल्यम्स आणि जॉर्ज वॉकर. रंगमंचावर नाव कमावत असलेली विनोदी जोडी. स्त्रियांमध्ये एक होती स्टेला वायली आणि दुसरी एडा. फोटो काढले, कार्डं छापली, एडाला थोडे पैसे मिळाले. तिच्या आयुष्याला वळण मिळालं ते या अर्ध्या दिवसाच्या कामामुळे. विल्यम्स आणि वॉकरने तिला आपल्या कंपनीत घेतलं आणि २२ जून १८९९ ला जॉर्ज वॉकर आणि एडाने लग्न केलं.

त्याच वर्षी मिझुरी राज्यातल्या सेडेलिया गावात जॉन स्टार्क नावाच्या प्रकाशकाने एका तरुण पियानोवादकाची रचना छापली. वादकाचं नाव स्कॉट जॉप्लिन, रचनेचं ‘मेपल लीफ रॅग’. रॅगटाइम संगीतातली ही सगळ्यात गाजलेली रचना. तिच्या पहिल्या आवृत्तीच्या कव्हरवर नटूनथटून निघालेली दोन कृष्णवर्णीय जोडपी आहेत. हे चित्र त्याच तंबाखू कंपनीच्या परवानगीने, त्याच जाहिरातीवरून घेतलेलं. अभ्यासकांनी ओळख पटवली आहे ती विल्यम्स, वॉकर, स्टेला आणि एडा यांची. ना जॉप्लिनशी त्यांचा संबंध, ना त्या गावाशी. प्रकाशकाला कृष्णवर्णीय नाचाचं चित्र हवं होतं, हे तयार होतं, छापून टाकलं. नंतरच्या आवृत्तीत जोडपी गेली आणि मेपलचं पान आलं.

म्हणजे बघा, एकोणीस वर्षांची मुलगी, आणि अमेरिकेतल्या सर्वांत प्रसिद्ध शीट म्युझिकच्या पहिल्या कव्हरवर तिचं चित्र. पण नाव कुठेच नाही.

नक्कलेची नक्कल

केकवॉक म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं. गुलामगिरीच्या काळात मळ्यांवरचे गुलाम सुट्टीच्या दिवशी जोडीजोडीने एक मिरवत चालण्याचा नाच करायचे. पाठ मागे कललेली, छाती पुढे, गुडघे उंच उचलत, हातात काठी, डोक्यावर हॅट. खरं तर ती मालकांची नक्कल होती. मोठ्या घरातल्या बॉलमध्ये मालक-मालकीण ज्या ऐटीत चालतात त्याची टिंगल. मालक मंडळी बघून हसायची आणि सगळ्यात छान जोडीला बक्षीस म्हणून केक द्यायची. आपल्यालाच हसतायत हे त्यांच्या लक्षात यायचं की नाही, कोण जाणे.

पुढे काय झालं ते जास्त गमतीचं, आणि जास्त वाईटही. गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून हा नाच रंगमंचावर आणला. म्हणजे गोऱ्यांची नक्कल करणाऱ्या काळ्यांची नक्कल करणारे गोरे! त्यानंतर कृष्णवर्णीय कलाकारांना रंगमंच मिळू लागला, पण अट तीच. प्रेक्षकांना सवय झालेली ती सोंगंच करा. बर्ट विल्यम्स स्वतः बहामा बेटांवर जन्मलेला, वाचनाची आवड असलेला शांत माणूस. तोही आयुष्यभर चेहऱ्याला काळा रंग फासूनच विनोद करत राहिला. १८९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात आफ्रिकेतल्या डाहोमीचं ‘गाव’ उभारलं होतं, आणि तिथले खरे लोक वेळेवर पोचले नव्हते. तेव्हा विल्यम्स आणि वॉकर हे दोघं त्यांच्या जागी ‘डाहोमीचे रहिवासी’ बनून उभे राहिले होते. पोट काय काय करायला लावतं!

कव्हरांची तर गोष्टच सोडा. १८९६ मध्ये अर्नेस्ट होगन या कृष्णवर्णीय कलाकाराचं एक गाणं तुफान चाललं. त्या गाण्याच्या नावातच त्याच्या समाजासाठीचा अपमानास्पद शब्द होता आणि हे सगळे सारखेच दिसतात असा अर्थ. कव्हरवर जाड ओठांची, बटबटीत डोळ्यांची व्यंगचित्रं. ते खपलं आणि मग तशा गाण्यांची आणि तशा चित्रांची लाटच आली. ट्रेंड आला की सगळे तेच करतात, हे तेव्हाही होतं. होगनला नंतर या गाण्याचा पश्चात्ताप झाला, पण गाणं घरोघरच्या पियानोवर जाऊन बसलं होतं.

ही नुसती चित्रं होती, त्यात काय एवढं, असं कुणाला वाटेल. १५ ऑगस्ट १९०० च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये वांशिक दंगल उसळली. गोऱ्या जमावाला रस्त्यावर दिसेल त्या कृष्णवर्णीयाला मारायचं होतं, आणि या जमावाने नावं घेऊन शोधलं ते कलाकारांना. होगन, विल्यम्स, वॉकर, कोल आणि जॉन्सन. जमावाला नाव माहीत असलेले कृष्णवर्णीय हेच. जॉर्ज वॉकर त्या रात्री जमावाच्या तावडीत सापडला आणि जेमतेम निसटला. लग्नाला वर्ष होऊन दोनच महिने झाले होते. ज्या गाण्यांवर हे लोक आदल्या दिवशी टाळ्या वाजवत होते, त्याच गाण्यांनी ओळख करून दिलेला माणूस मारायला ते निघाले होते. एडाने त्या रात्री काय भोगलं असेल याचा अंदाज आपण करू शकतो.

राजवाड्याच्या हिरवळीवर

एडा थांबली नाही. ‘सन्स ऑफ हॅम’ या नाटकात तिला ‘मिस हॅना फ्रॉम सव्हाना’ हे गाणं मिळालं आणि ती स्वतःच्या नावाने ओळखली जाऊ लागली. कंपनीचे नाच ती बसवू लागली. आज आपण कोरिओग्राफर म्हणतो ते काम. अमेरिकन रंगभूमीवर एका कृष्णवर्णीय स्त्रीने हे काम एवढ्या मोठ्या पातळीवर करण्याची ती जवळजवळ सुरुवातच.

मग ‘इन डाहोमी’. संगीत विल मॅरियन कुक यांचं, संहिता जेसी शिप यांची, गीतकारांत कवी पॉल लॉरेन्स डनबार. १८ फेब्रुवारी १९०३ ला हे नाटक न्यूयॉर्क थिएटरमध्ये लागलं. कृष्णवर्णीयांनी लिहिलेलं आणि त्यांनीच सादर केलेलं पूर्ण लांबीचं संगीत नाटक ब्रॉडवेच्या मोठ्या नाट्यगृहात होण्याची ही पहिली वेळ. दंगल होईल अशी कुजबुज आधीपासून होती. ती झाली नाही. मात्र स्टेजवर सगळे कृष्णवर्णीय असले तरी त्यांच्या समाजाच्या प्रेक्षकांना बसायला वरची बाल्कनीच मिळाली.

तिथे ५३ प्रयोग करून मंडळी बोटीने लंडनला गेली. १६ मे ला शाफ्ट्सबरी थिएटरमध्ये नाटक लागलं आणि चांगलं २५१ प्रयोग चाललं. २३ जूनला थेट बकिंगहॅम राजवाड्यातून बोलावणं आलं. राजपुत्र एडवर्डचा नववा वाढदिवस होता. (हाच पुढे राजा झाला आणि प्रेमासाठी गादी सोडली.) राजवाड्याच्या बागेत रंगमंच घातला गेला आणि तिथे केकवॉक झाला. मालकांच्या ऐटीची टिंगल म्हणून जन्मलेला नाच, जगातल्या सगळ्यात मोठ्या मालकांसमोर! राजेसाहेब खूश झाले. या योगायोगातला विनोद एडाला कळला नसेल असं मला तरी वाटत नाही.

लंडनच्या बड्या घरांत केकवॉकचं वेडच लागलं आणि त्यांना शिकवायला एडा होती. तिची शिकवण्याची पद्धत वेगळी होती. हा नाच म्हणजे माकडचेष्टा नाही हे ती ठासून सांगायची. अंग सैल सोडायचं नाही, चेहरा प्रसन्न ठेवायचा, चालीत डौल हवा, जोडीदाराशी वागण्यात अदब हवी. कव्हरवरची व्यंगचित्रं बघून ज्या बायका तिच्याकडे आल्या असतील, त्यांना समोर वेगळीच बाई दिसली असणार. कापडांची उत्तम जाण असलेली, ताठ मानेची, मोजकं बोलणारी.

परत आल्यावर तिने नावाचं स्पेलिंग बदललं. एडाची आयडा झाली. १९०५ मध्ये एका कृष्णवर्णीय मासिकात तिने लेख लिहिला. विषय होता रंगभूमीवरचे आपले स्त्रीपुरुष. त्यांच्या समाजातल्या सभ्य घरांना नाटकात काम करणाऱ्या बाईचं वावडं होतं. आयडाचं म्हणणं असं, की हा इतर व्यवसायांसारखाच व्यवसाय आहे, यात चांगल्या मुलींनी यायला हवं, आणि गोऱ्या-काळ्यांमधली भिंत पाडायला नाटकासारखी दुसरी जागा नाही. हे वाचताना आपल्याकडचं आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच १९०५ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि शकुंतला म्हणून उभे राहिले. कारण चांगल्या घरच्या बाईने स्टेजवर जायचं नसतं, हा नियम इथेही तितकाच पक्का होता.

कव्हरांच्या बाजूनेही काहीतरी हललं होतं. १९०४-०५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीयांच्या दोन छोट्या प्रकाशन संस्था उभ्या राहिल्या, ॲटक्स आणि गॉथम, आणि लवकरच त्या एकत्र झाल्या. विल्यम्स आणि वॉकरच्या मंडळीची कितीतरी गाणी ‘गॉथम-ॲटक्स’ने छापली. त्यांच्या कव्हरांवर व्यंगचित्रं नसत. साधी सजावट, नीट अक्षरं, फोटो असेल तर माणसासारख्या माणसाचा. मला विचाराल तर त्या रंगीबेरंगी कव्हरांपुढे ही फिकीच वाटतात. पण कुणीतरी पहिल्यांदा ठरवलं होतं की आमचं गाणं विकायला आमची थट्टा छापणार नाही. संस्था फार चालली नाही, १९११ मध्ये विकली गेली.

नवऱ्याचा कोट

‘ॲबिसिनिया’ १९०६ मध्ये आलं आणि १९०८ च्या फेब्रुवारीत ‘बंदाना लँड’ ब्रॉडवेवर. तेव्हा अमेरिकेत सलोमी नाचाची साथ होती. बायबलमधली, सात पडद्यांचा नाच करणारी राजकन्या. जी ती नर्तकी कमीत कमी कपड्यांत सलोमी होत होती. आयडाने ‘बंदाना लँड’मध्ये स्वतःची सलोमी बसवली. तिच्यापुढची अडचण बाकीच्यांपेक्षा मोठी. गोरी बाई असं नाचली तर ती कला, कृष्णवर्णीय बाई नाचली तर लगेच तिच्या सगळ्या समाजाच्या चारित्र्याचा निकाल. तिने अंगप्रदर्शन कमी आणि अभिनय जास्त असा मार्ग काढला. त्याच वर्षी नोकरीच्या शोधात शहरात येणाऱ्या कृष्णवर्णीय मुलींसाठी चालणाऱ्या ‘व्हाइट रोज’ या आश्रयगृहाला मदत म्हणून तिने प्रयोगही केला.

याच नाटकात जॉर्जचं ‘बॉन बॉन बडी’ हे गाणं होतं. छानछोकी करणारा, भारी कोट घालून मिरवणारा गडी, ही त्याची खास भूमिका. प्रत्यक्षातही जॉर्ज तसाच होता, कपड्यांवर जीव. १९०९ मध्ये दौऱ्यावर असताना त्याची जीभ अडखळू लागली. शब्द आठवेनात. आजार होता सिफिलिस, आणि पेनिसिलिन यायला अजून तीसेक वर्षं होती. जॉर्जला रंगमंच सोडावा लागला.

कंपनी मोठी होती, पुढच्या तारखा ठरलेल्या. जॉर्जच्या जागी कोण? आयडाने नवऱ्याचे कपडे चढवले. त्याचा कोट, त्याची हॅट, त्याची काठी. त्याच्या चालीने ती स्टेजवर आली आणि त्याचं गाणं म्हटलं. प्रेक्षकांना ते इतकं आवडलं की पुढेही ती पुरुषवेशातली गाणी करत राहिली. खरं तर हा तिच्या कारकिर्दीतला एक मोठा हशा-टाळ्यांचा क्षण म्हणून सांगितला जातो. पण विंगेत जाऊन तो कोट उतरवताना तिच्या मनात काय असेल, हा विचार मला सोडवत नाही.

जॉर्ज ६ जानेवारी १९११ ला गेला. बर्ट विल्यम्स त्याआधीच, १९१० मध्ये, झीगफेल्ड फॉलीज या गोऱ्यांच्या बड्या शोमध्ये गेला होता. म्हणजे कंपनी संपली, नवरा संपला. आयडा तीस वर्षांची होती. तिने दुसऱ्या कंपन्यांतून कामं केली, ‘हिज ऑनर द बार्बर’मध्ये दिसली. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या हॅमरस्टाइनच्या व्हिक्टोरिया थिएटरमध्ये तिने सलोमी पुन्हा केली, या वेळी एकटीच्या नावावर. तरुण मुलींचे नाचाचे संच ती बसवत होती, त्यांना तालमी देत होती. नवे नाच येत होते, टँगो आला होता, तोही ती करत होती. केकवॉक एव्हाना जुना झाला होता. १९०८ मध्ये डेब्युसीने पॅरिसमध्ये आपल्या मुलीसाठी लिहिलेल्या पियानोच्या तुकड्यांतही एक केकवॉक घातला होता. तो आजही पियानो शिकणारी मुलं वाजवतात, आपल्या मुंबई-पुण्यातलीसुद्धा.

११ ऑक्टोबर १९१४ ला मूत्रपिंडाच्या आजाराने आयडा गेली. वय चौतीस.

जुनं शीट म्युझिक जमवणारे शौकीन अमेरिकेत पुष्कळ आहेत, आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी अशी हजारो कव्हरं स्कॅन करून इंटरनेटवर ठेवली आहेत. ‘मेपल लीफ रॅग’ची पहिली आवृत्ती त्यांच्यात भलतीच मोलाची. कधी सापडली स्क्रीनवर तर कव्हरवरच्या दोघींकडे जरा थांबून बघा. चित्र जाहिरातीचं, रेषा दुसऱ्याच्या, पोज सांगून घेतलेली. चिरूट विकायला काढलेली. पण त्यांतली एक मागे कललेली पाठ आयडाची आहे.